श्वासाची राखण

अफूने येणारा मृत्यू बहुतेक वेळा सवड देऊन येतो. अफू गिळलेली असेल तर ही सवड कित्येक तासांची असते, हेरॉइन टोचून घेतले असेल तर त्याहून बरीच कमी, आणि आजच्या फेंटानिलच्या बाबतीत जेमतेम काही मिनिटांची. क्रम मात्र ठरलेला आहे. आधी गुंगी येते, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, माणूस खर्जात घोरू लागतो, दोन श्वासांमधले अंतर वाढत जाते, ओठ आणि नखे निळसर पडतात. मिनिटाला बारा ते सोळा वेळा हलणारी छाती चार-पाचावर आली तरी नाडी हाताला लागतच असते. हृदय सगळ्यात शेवटी थांबते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदूतले श्वासकेंद्र एरवी खडबडून जागे होते, झोपेतसुद्धा. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल ही सगळी भावंडे नेमकी ती जाग बोथट करतात. मधल्या सवडीत कोणी पाहत असेल आणि काय करायचे ते त्याला ठाऊक असेल, तर माणूस वाचतो. अमेरिकेत २०२२ साली अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे १,०८,००० माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य या अफूच्या कुळातल्या द्रव्यांनी. २०२३च्या एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने घरी वापरायच्या एका यंत्राला मंजुरी दिल्याचे जाहीर झाले. बोटाला लावलेला संवेदक रक्तातला ऑक्सिजन मोजत राहतो, धोक्याचा घसरता आलेख ओळखतो, गजर करतो, आणि उत्तर आले नाही तर ठरवून दिलेल्या माणसांना मोबाइलवरून कळवतो. बातम्यांत ते नवलाईचे यंत्र म्हणून आले. ते करते ते काम मात्र दीडशे वर्षे जुने आहे, आणि त्या दीडशे वर्षांकडे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की धोका ओळखता न येणे ही या कामातली मुख्य अडचण क्वचितच होती. ओळखणारा आणि धावणारा यांची गाठ न पडणे, ही होती. घरगुती यंत्र सुरक्षित कधी आणि धोकादायक कधी, याचे उत्तरही मला त्या इतिहासातच दिसते.

सुरुवात मुंबईपासून करायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू याच बंदरातून चीनकडे जात होती, आणि त्या व्यापारात गब्बर झालेल्यांपैकी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. अफू खाऊन बेशुद्ध झालेली माणसे ज्या वॉर्डांत आणली जात, त्यांच्या भिंतींत अफूचाही पैसा होता, हा योगायोग नजरेआड करण्यासारखा नाही. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आयझिडोर लायन यांनी १८८९च्या सुमारास हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचा जो ग्रंथ लिहिला, त्यात आणि त्याआधीच्या नॉर्मन चेव्हर्स यांच्या ग्रंथात अफूला मोठी जागा आहे, कारण आत्महत्येसाठी हाताशी असलेले सगळ्यात सोपे विष तेच होते. त्या काळच्या उपचारांची यादी आज वाचताना अंगावर येते. रुग्णाला दोघांनी दोन्ही बगलांत धरून रात्रभर खोलीत फिरवायचे, तोंडावर गार पाण्याचे हबके मारायचे, कडक कॉफी पाजायची, नाकाशी अमोनिया धरायचा, विजेचे झटके द्यायचे. १८९४ साली न्यूयॉर्कच्या विल्यम मूर यांनी पोटॅशियम परमँगनेट हा उतारा म्हणून पुढे केला आणि लोकांसमोर स्वतः मॉर्फिन घेऊन तो सिद्ध करून दाखवला. एकदा मॉर्फिन रक्तात उतरल्यावर त्याचा काही उपयोग नाही, हे नंतर कळले. यातले बहुतेक उपाय निरुपयोगी होते, काही घातक होते. तरीही माणसे अधूनमधून वाचत. माझा तर्क असा की फिरवण्याने विष उतरत नव्हते, पण फिरवण्यासाठी दोन जागी माणसे रात्रभर रुग्णाला चिकटून राहत, आणि तो गळपटला की त्यांना त्याच क्षणी कळे. उपचार चुकीचा होता, राखण बरोबर होती.

हा तर्क अगदीच हवेतला नाही. १८८७ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात जॉर्ज फेल नावाच्या डॉक्टरने मॉर्फिनच्या अतिमात्रेने श्वास थांबत आलेल्या एका माणसाच्या श्वासनलिकेला छेद दिला आणि भात्याने त्याच्या फुफ्फुसात तासन् तास हवा भरत राहिला. माणूस वाचला. विष तेच होते, उतारा कुठलाच दिला नव्हता. फक्त शरीर विष संपवेपर्यंत श्वास उसना दिला. समकालीनांना हे जरा अघोरी वाटले, आणि भाता मागे पडला. पुढे १९४९ साली कोपनहेगनमधल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या, म्हणजे बार्बिच्युरेट, घेऊन आलेल्या रुग्णांना उत्तेजक औषधे देणेच बंद केले. श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, श्वास कमी पडला तर पुरवायचा, रक्तदाब सांभाळायचा आणि परिचारिकेने नजर हलवायची नाही, एवढेच धोरण. तिथला मृत्यूचा दर सुमारे वीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आला. विषे वेगळी, पण दोन्ही श्वासावर घाला घालणारी. नालॉक्सोन नावाचा खरा उतारा १९६१ साली पेटंट झाला आणि १९७१ साली अमेरिकेत वापरात आला, पण त्याच्याही आधी राखण आणि उसना श्वास यांनी ही लढाई बरीचशी जिंकता येते हे सिद्ध झाले होते. आज घरात नालॉक्सोनची फवारणी नसेल तर सगळे संपले असे जे समजतात, त्यांनी ही दोन उदाहरणे ध्यानात घ्यावीत. तोंडाने दिलेला श्वास हा आजही पहिला उपचार आहे.

राखण करायची म्हणजे नेमके कशावर नजर ठेवायची, हा प्रश्न सगळ्यात कडाक्याने लढवला गेला तो निजामाच्या हैदराबादेत. तिथले रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य. क्लोरोफॉर्म देताना नाडीवर बोट ठेवून बसू नका, श्वास पाहा, ही त्यांच्या गुरूंची शिकवण. लंडनचे डॉक्टर उलट म्हणत की क्लोरोफॉर्म अचानक हृदय बंद पाडतो. १८८८ साली लॉरींनी पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसवले, कुत्र्यांवर प्रयोग केले आणि आपले म्हणणे खरे ठरवले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने नाक मुरडले, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लंडनहून प्रतिनिधी मागवला. लॉडर ब्रंटन १८८९च्या अखेरीला आले, आणखी शेकडो जनावरे खर्ची पडली आणि ब्रंटन यांनीही लॉरींचीच री ओढली. हैदराबादेत क्लोरोफॉर्म देणाऱ्यांत रूपाबाई फर्दुनजी होत्या. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. गंमत अशी की क्लोरोफॉर्मपुरते हैदराबादचे उत्तर चुकले होते. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की हलक्या भुलेत क्लोरोफॉर्म हृदयाचा ठोका एकाएकी विस्कटून टाकू शकतो, श्वास चालू असतानाच. पण अफूच्या बाबतीत तेच उत्तर अक्षरशः खरे आहे, कारण तिथे श्वास आधी जातो आणि हृदय मागाहून. लॉरींचा हट्ट चुकीच्या विषावर खर्च झाला, असे म्हणता येईल. त्यातून मिळालेला धडा मात्र पुढच्या प्रत्येक यंत्राला लागू आहे: विष कुठे घाव घालते ते ठाऊक नसेल, तर कितीही बारकाईने ठेवलेली नजर भलत्याच जागी राहते.

हैदराबादेतली नजर चुकीच्या जागी असेल, पण नजर होती. ती नसली म्हणजे काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखवले. बाळगोळी हा शब्द आता जुन्या माणसांनाच आठवत असेल. अफूची ही छोटी गोळी बाजारात उघड मिळे, आणि कामावर जाण्यापूर्वी आई ती तान्ह्या बाळाला चाटवी. १९२२च्या सुमारास मुंबई सरकारसाठी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवले की या स्त्रियांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. १९२९ ते १९३१ या काळात कामगारांच्या स्थितीची चौकशी केलेल्या व्हिटली आयोगाच्याही कानावर ही चाल आली होती. या आकड्यावरून गिरणीतल्या आईला दोष देणारे पुष्कळ होते, त्यांत परदेशी सुधारक होते आणि आपलेही. मला ते अन्यायाचे वाटते. दहा-बारा तासांची पाळी, पाळणाघर नाही, चाळीच्या एका खोलीत भाडेकरूंसह दाटीने राहणारे कुटुंब, आणि बाळ रडले तर उचलायला कोणी नाही, अशा स्थितीत अफू ही राखणीची जागा भरून काढत होती. खरा धोका इथेच होता. गोळी दिली जाई ती जवळ कोणी नसे म्हणून, आणि जवळ कोणी नसल्यामुळेच गोळी जास्त झाली तर ते कळायचे कोणाला? निपचित पडलेले बाळ झोपले आहे की बुडत चालले आहे, हे दाराबाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सुधारकांपैकी ज्यांनी बाळंतपणाची भरपगारी रजा आणि गिरणीत पाळणाघर मागितले, त्यांनी रोगाचे मूळ ओळखले होते असे मी म्हणेन. नुसती गोळीवर बंदी मागणाऱ्यांनी नव्हे. १९२९चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा हा त्या पहिल्या वाटेवरचा तोकडा का होईना टप्पा होता.

डोळ्यांनी करायची ही राखण यंत्राकडे गेली ती विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात उंचावर वैमानिकांची शुद्ध हरपू लागली, तेव्हा ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीला लावायचा ऑक्सिमीटर बनवला. तो अवजड होता, सारखा जुळवावा लागे. खरी उडी घेतली ती जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी, १९७४ साली. कानातून प्रकाश पाठवून रक्तात टोचलेल्या रंगद्रव्याची घनता मोजायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक मोजमाप हेलकावत होते. तो हेलकावा घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले की हेलकावणारा भाग फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे. तेव्हा तोच मोजावा. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांतला फरक पाहायचा, आणि सुई न टोचता ऑक्सिजनची टक्केवारी काढायची. १९८०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी ते यंत्र ऑपरेशन थिएटरात नेले. १९८६ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी भूल देतानाच्या देखरेखीचे किमान दंडक प्रसिद्ध केले, आणि त्यातला पहिलाच दंडक बोलका आहे: भूलतज्ज्ञाने रुग्णाजवळून हलायचे नाही. यंत्रे त्याच्यापुढे मांडलेली होती, त्याच्या जागी नाही. भुलेच्या टेबलावरचे मृत्यू त्या काळात झपाट्याने उतरले. त्याचे श्रेय एकट्या ऑक्सिमीटरला देण्याची पद्धत आहे, पण शेजारी बसलेला माणूस हिशेबातून वगळून चालणार नाही.

तो माणूस वगळला की काय होते, याचा पुरावा रुग्णालयातच मिळाला. थिएटरात शेजारी भूलतज्ज्ञ असतो. रात्री दोन वाजता वॉर्डात एक परिचारिका आणि तिच्याकडे डझनभर खाटा. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनचा पंप लावलेला, दर चार तासांनी तपासणी. तपासायला आलेली परिचारिका रुग्णाला हलवते, तो जागा होतो, दोन वाक्ये बोलतो, नोंद चांगली होते. ती गेली की पुन्हा त्याच खोल झोपेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सामान्य वॉर्डातल्या १,३३५ रुग्णांवर अखंड देखरेख ठेवली, तेव्हा ४६ टक्के जणांचा श्वास कधी ना कधी मंदावलेला आढळला. अमेरिकेतल्या डार्टमथ-हिचकॉक रुग्णालयाने २००७च्या अखेरीपासून एका वॉर्डात प्रत्येक रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून त्याचा इशारा थेट त्या रुग्णाच्या परिचारिकेच्या पेजरवर पाठवायला सुरुवात केली. धावपळ करून वाचवावे लागण्याचे प्रसंग हजार रुग्णांमागे ३.४ वरून १.२ वर आले. त्यांनी केलेली खरी युक्ती यंत्रात नव्हती. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेला की गजर, असे ठेवले असते तर गजरांचा कलकलाट झाला असता आणि आठवडाभरात कोणी मान वर करून पाहिले नसते. त्यांनी सीमा बरीच खाली, ८० टक्क्यांवर ठेवली आणि काही सेकंदांची सवलत दिली. वाजेल तेव्हा उठायचेच, अशी सवय त्यामुळे टिकली. दुसरी गोष्टही रुग्णालयांनीच शिकवली: नाकाला ऑक्सिजनची नळी असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला तरी ऑक्सिमीटरचा आकडा बराच वेळ छान दिसत राहतो. तिथे बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र लागते. म्हणजे घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाला बोटाच्या संवेदकाच्या भरवशावर सोडणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

घरात राखणीचे यंत्र नेण्याचा पहिला मोठा प्रयोग मात्र अफूसाठी झालाच नव्हता, आणि तो फसला. १९७२ साली अमेरिकेत एका बालरोगतज्ज्ञाने असा निबंध लिहिला की झोपेत अचानक मरणाऱ्या तान्ह्या बाळांचा श्वास आधीपासूनच थांबून थांबून चालतो. त्यावरून घरी लावायच्या श्वासगजरांचा मोठा धंदा उभा राहिला. छातीच्या हालचाली टिपणारे पट्टे हजारो पाळण्यांत गेले. त्या निबंधातली दोन बाळे एकाच घरची होती, आणि त्यांच्या आईला १९९५ साली आपल्या पाच मुलांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. पायाच असा निघाला. पण धंदा त्यानेही लगेच थांबला नाही. २००१ साली मोठ्या अभ्यासातून दिसले की निरोगी बाळांतही असे थांबे पुष्कळ येतात. २००३ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितले की असा मृत्यू टाळण्यासाठी हे गजर वापरू नयेत. मृत्यू खरोखर कमी झाले ते १९९४ साली सुरू झालेल्या मोहिमेने: बाळाला पालथे नको, उताणे निजवा. घरगुती यंत्राचा कोणीही पुरस्कर्ता या प्रकरणाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही, आणि मलाही जाता येणार नाही. तरी दोन फरक आहेत. बाळांच्या अचानक मृत्यूत श्वास थांबणे हे कारण आहे की शेवट, हेच ठाऊक नव्हते. अफूच्या अतिमात्रेत कारण निर्विवाद आहे. आणि बाळाच्या गजरानंतर आईने काय करायचे याचे ठोस उत्तर नव्हते. इथे ते आहे. जिथे साम्य आहे तिथे मात्र ते पुरते बोचरे आहे. सरकारी मंजुरीचा अर्थ यंत्र धोका ओळखते, इतकाच. ते घरोघरी लावल्याने माणसे कमी मरतात, हे सांगायला वेगळा आणि लांबचा पुरावा लागतो, आणि तो येईपर्यंत जाहिरातीच्या भाषेला लगाम हवा.

नशेच्या जगातली राखण आधी माणसांनीच उभी केली, तीही बहुतेक कायद्याच्या काठावर. शिकागोत १९९०च्या दशकाच्या मध्यावर डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइन घेणाऱ्यांच्याच हातात नालॉक्सोनच्या कुप्या द्यायला सुरुवात केली, कारण शेजारी बसलेला मित्र हा डॉक्टरपेक्षा कितीतरी आधी पोहोचतो. व्हँकूव्हरमध्ये २००३ साली उघडलेल्या इनसाइट केंद्रात लोक परिचारिकांच्या नजरेसमोर टोचून घेत. अतिमात्रेचे प्रसंग तिथे हजारोंनी घडले, पण त्यातून आवारात मृत्यू झाला नाही. त्याच केंद्रात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोबाइलवरचे एक साधन तपासले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले: फोन कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, मीटरभर अंतरावरच्या छातीवरून परतणारा प्रतिध्वनी मोजतो आणि श्वास मंदावला की ओळखतो. कॅनडात २०२० साली एक दूरध्वनी सेवा सुरू झाली. एकटा माणूस फोन लावतो, पलीकडचा स्वयंसेवक ओळीवर थांबतो, उत्तर येईनासे झाले की रुग्णवाहिका पाठवतो. ती मला या साऱ्यातली सगळ्यात शहाणी योजना वाटते, कारण तिच्यात ओळखणारा आणि धावायला लावणारा एकच आहे. यंत्राची गरज कुठे पडते ते अमेरिकेच्या आकडेवारीतून दिसते. अतिमात्रेच्या सुमारे चाळीस टक्के मृत्यूंच्या वेळी जवळपास कोणीतरी होते. शेजारच्या खोलीत होते, किंवा त्याच खोलीत असून त्यांना वाटले की गडी घोरतो आहे. त्या भिंतीपलीकडे आवाज पोहोचवणे हे यंत्राचे नेमके काम आहे. ज्या घरात दुसरे कोणीच नाही, तिथे ते बंद दारामागे केकाटत राहील.

म्हणून सुरक्षित वापराची सुरुवात संवेदकापासून होत नाही. गजर वाजल्यावर पाच मिनिटांच्या आत कोण पोहोचणार, त्याच्याकडे किल्ली आहे का, नालॉक्सोन कुठल्या खणात आहे, हे आधी ठरले पाहिजे. अमेरिकेत नालॉक्सोनची नाकातली फवारणी चिठ्ठीशिवाय विकायला २०२३च्या मार्चमध्ये मंजुरी मिळाली, घरगुती यंत्राच्या मंजुरीच्या जवळजवळ त्याच दिवसांत; दोन्ही एकाच टेबलावर नसतील तर पहिल्याला अर्थ नाही. पोहोचणाऱ्याने आधी जोरात हाक मारायची, छातीच्या हाडावर बोटांचे पेर घासायचे. उत्तर नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, नालॉक्सोन द्यायचे, हनुवटी उचलून तोंडाने श्वास द्यायचा, दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरी मात्रा, आणि श्वास नीट सुरू झाला की कुशीवर वळवून ठेवायचे. यानंतरची चूक सगळ्यात जास्त होते: माणूस उठून बसतो, चिडतो, मी बरा आहे म्हणतो, आणि सगळे पांगतात. नालॉक्सोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासाचा; मेथाडोनसारखे द्रव्य त्याहून कितीतरी लांब टिकते. उतारा संपला की श्वास पुन्हा बुडू शकतो, तेव्हा संवेदक बोटालाच राहू द्यायचा आणि सोबतही सोडायची नाही. यंत्राच्या बाजूने पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण नेमक्या त्याच राहून जातात: गार पडलेले बोट, गडद नेलपॉलिश, सैल बसलेला संवेदक, उतरलेली बॅटरी, रात्री मूक करून ठेवलेला फोन. खोटा गजर वारंवार झाला तर यंत्र बंद करण्याऐवजी कारण शोधायचे, कारण बंद केलेले यंत्र घरात असणे हे नसण्यापेक्षा वाईट. घरच्यांचा समज तसाच राहतो.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला सगळ्यात जुना असा की राखणदार मिळाला की माणूस जास्त बेफिकीर होतो. नालॉक्सोन वाटपाच्या वेळीही तो घेतला गेला, आणि २०१८ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो आकडेवारीने मांडला. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी कडक टीका केली. माझ्या मते व्यसनाधीन माणूस मात्रा ठरवतो ती नशा तुटल्याच्या वेदनेने आणि बाजारात मिळालेल्या मालाने. दाराशी उभ्या असलेल्या मदतीचा हिशेब त्यात फारसा नसतो. शिवाय या यंत्रांचे पुष्कळसे गिऱ्हाईक व्यसनी नसतेच: पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर गोळ्या घेऊन घरी आलेला, झोपेत घोरणारा, सोबत झोपेची गोळी किंवा दारू घेणारा माणूसही तितकाच धोक्यात असतो. दुसरा आक्षेप पाळतीचा. यंत्राचा निरोप पोलिसांपर्यंत गेला तर? ही भीती खरी आहे, आणि ती दूर करायचे काम यंत्राचे नाही, कायद्याचे आहे. अतिमात्रेसाठी मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा न्यू मेक्सिकोने २००७ साली केला. ज्या देशात सेवन हाच गुन्हा आहे, आणि आपल्याकडे १९८५च्या कायद्याने तो आहे, तिथे गजर ऐकणारा आधी दोनदा विचार करणार. तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. २०२०च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटरचा आकडा ठीक दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात घातक पातळीवर असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. सावळ्या बोटावर हा आकडा थोडा जास्तच गोड बोलतो. आपल्यासारख्या देशात तो घ्यायचा असेल तर एका आकड्यापेक्षा घसरणीकडे आणि माणसाच्या श्वासाकडे पाहायला हवे, म्हणजे पुन्हा हैदराबादच्या सल्ल्याकडेच.

महाराष्ट्राला ऑक्सिमीटर नवा नाही. २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक तो घेऊन घरोघरी गेले, आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांतही एकेक येऊन पडला. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. त्या मोहिमेत आकडा कमी दिसला की पुढे कोणाला कळवायचे हे ठरलेले होते, म्हणून त्या आकड्याला किंमत होती. कपाटातला तो चिमटा मात्र रात्रभराच्या राखणीसाठी नाही: तो काही क्षणांचा आकडा दाखवतो, बहुतेकांत गजर नसतो आणि असला तरी तो दुसऱ्या खोलीत जात नाही. आणि एक घर असे आहे जिथे यातले काहीच लावू नये. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात, टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणांहून तोंडाने घ्यायचे मॉर्फिन घेऊन आलेल्या रुग्णाच्या घरी नातेवाईक हमखास विचारतात, याने श्वास तर थांबणार नाही ना? मात्रा वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलेली असेल तर श्वासाआधी गुंगी वाढते, आणि ती दिसली की डॉक्टरांना फोन करायला वेळ असतो. अखेरच्या दिवसांत श्वास आपोआपच मंदावतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. त्या बोटाला संवेदक लावला तर घरच्यांच्या हाती फक्त न थांबणारा गजर येईल, आणि घाबरून कोणी नालॉक्सोन दिले तर श्वासाबरोबर सगळी वेदनाही परत येईल. तिथे उशाशी एक माणूस बसलेला पुरे.